नारंगीवर हिरवा चढत नाही

जरा जवळ सरक वं माय, अशी कान इकडे करून बस. सुरतेला राहतेस म्हणून काय झालं, कान जवळ आणता येतोच की. फोन करतेस, 'आक्का, बरी शे ना?' म्हणून विचारतेस, आणि माझं 'बरी शे' पुरतं तोंडाबाहेर पडत नाही तोवर तिकडे तुझ्या कुकरची शिट्टी होते न् तू 'ठेवते वं' म्हणून मोकळी. अशी असते का बहिणीची विचारपूस? म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं तरी तू मधेच तोडणार नाहीस.

मागच्या वेळी तू काय म्हणालीस ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. "आक्का, आजून बी तू त्या पोरीसना मांगे फिरस का? गुडघा कितला दुखतस तुन्हा, अन् तू रोज सांजले त्या कराटेमा जाई बसस. घरमा बस ना सुखे!" मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगू का, त्याच संध्याकाळी हॉलच्या पायरीवर बसून मीही स्वतःला हेच सांगत होते, की बाई, पुरे कर आता. ढोपराला तेल चोळून, जड भांडं उचलावं तसं स्वतःला उचलून मी तिथवर जाते आणि बसते. आत पोरी 'हू' करून हवेत ठोसे मारतात, आणि मला नुसतं ऐकूनच दमायला होतं. तरी दुसऱ्या दिवशी गेले. आजही जाऊन आले. का जाते ते एकदा सलग ऐक.

आमची दीपनगरची कॉलनी तू पाहिली आहेस. आलीस तेव्हा वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे मान वर करून म्हणाली होतीस, "इथं कपडे वाळत घालता कसे वं?" घालतो, आणि काढताना झटकतो. हवेत जी बारीक राख असते ती डोळ्यांना दिसत नाही, पांढऱ्या कपड्यावर मात्र लगेच दिसते. आणि या पोरींचा कराटेचा ड्रेस नखशिखांत पांढरा. माझी नात सात वर्षांची असताना कॅडेट पथकात गेली, तेव्हापासून तो ड्रेस मी भिजवते, घासते, नीळ देते. मुलाची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. सुनेला अंगणवाडी. मग पोरीला हॉलवर न्यायचं कुणी? आजीने. नेलं की परत आणायलाही आजीच, म्हणून मधला वेळ पायरीवर बसायला लागले. तेव्हा गुडघे धड होते, दोन-दोन पायऱ्या चढायचे.

पथक म्हणजे कसं, आधी अर्धा तास परेड. सावधान, विश्राम, दाहिने मुड. मग बूट काढून ओळीत ठेवायचे आणि अनवाणी पायाने कराटे. शिकवणारे सर आमच्या वीजकेंद्रातलेच. दिवसभर यंत्रांपाशी, संध्याकाळी पोरींपाशी. आवाज मोठा, पण पोरींना कधी 'ए' म्हणून हाक मारली नाही. मुलींचा वेगळा वर्ग आहे म्हणूनच कितीतरी घरांतल्या पोरी यायच्या. गावातल्या केळीवाल्यांच्या, कॉलनीतल्या, भुसावळहून रिक्षाने येणाऱ्या दोघी-तिघी बुरखेवाल्या आयांच्या लेकी. बाहेरगावी स्पर्धा असली की पोरींबरोबर एक बाईमाणूस हवं, असा पथकाचा नियम. पायरीवर बसलेली बाई मीच. म्हणून सगळ्यांची अक्का झाले. कुणाच्या वेण्या घाल, कुणाला पाणी पाज, बसमध्ये कुणाची उलटी धर. सुरुवातीला मजा वाटायची. पुढे सवय झाली, आणि सवयीचा थकवा कसा येतो तुला ठाऊक आहे. तो एकदम येत नाही, तळाशी गाळ बसावा तसा बसत जातो.

आता पट्ट्याचं ऐक. पोरी बेल्ट म्हणतात, मी पट्टाच म्हणते. नवी पोर आली की पांढरा पट्टा. परीक्षा दिली की पिवळा, मग नारंगी, मग हिरवा, निळा, तपकिरी आणि शेवटी काळा. सगळीकडे साधारण हेच. दुकानात रंगीत पट्टे तयार मिळतात. पण आमच्या सरांचं एक वेड होतं. ते म्हणायचे, "पट्टा बदलायचा नाही. पहिल्या दिवशी जो बांधला तोच शेवटपर्यंत. पोरगी शिकेल तसा त्याच्यावर रंग चढेल." पोरींना हे फार आवडलं. परीक्षा झाली की सगळ्या आपापले पट्टे माझ्या पिशवीत टाकायच्या, टोकावर दोऱ्याने खूण करून, आणि मी भुसावळच्या बाजारात रंगारी चाचांकडे जायचे. ओढणीला जोड रंग हवा, साडी विटली, तर तिथले लोक त्यांच्याकडेच जातात. चुलीवर मोठी पातेली, हात कोपरापर्यंत निळे-तांबडे.

पहिल्यांदा मी त्यांना सगळा क्रम सांगितला. पांढऱ्यावर पिवळा चढवा, पुढच्या वेळी त्यावर नारंगी, मग त्यावर हिरवा. चाचांनी चष्मा कपाळावर सारला.

"अक्का, पीले पे नारंगी चढेगा. नारंगी पे हरा नहीं चढता."

"का बरं? गडद तर आहे."

"मिट्टी हो जाता है. देखो."

आणि एक नारंगी चिंधी घेऊन त्यांनी निळ्या पातेल्यात बुडवली. बाहेर निघाली ती शेणाच्या रंगाची. मग पिवळी चिंधी बुडवली, ती मात्र कशी लिंबाच्या पानासारखी हिरवीगार.

दोन्ही चिंध्या मी सरांना नेऊन दाखवल्या. सरांनी बराच वेळ त्या उलटसुलट केल्या. म्हणाले, "मग नारंगी राहू द्या. नारंगीचा अभ्यास आपण हिरव्यातच घेऊ." तसंच सुरू झालं. पोरी नारंगीचा काता शिकायच्या. काता म्हणजे समोर कुणी नसताना ठरल्या क्रमाने लढायचा धडा. पण पट्टा मात्र पिवळ्यावरून थेट हिरवा. निळ्यापर्यंतच्या परीक्षा आमचं पथक घरच्या घरीच घेई, सर आणि भुसावळचे आणखी एक मास्तर, बस. त्यामुळे कधी कुणी विचारलं नाही. आम्हालाही त्यात काही राहून गेलंय असं वाटलं नाही. इतकी वर्षं गेली की आमच्या पोरी पाढे म्हणावेत तसं म्हणायच्या, पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तपकिरी, काळा. लहान पोरींना तर नारंगी नावाचा पट्टा असतो हेच माहीत नव्हतं.

निळ्याच्या पुढे मात्र आमच्याकडे कुणी गेलं नव्हतं. पोरी दहावीला आल्या की सुटायच्या. कुणाची ट्यूशन, कुणाच्या घरचे नाही म्हणायचे. माझी नात टिकली. तिच्या अंगात काही फार चपळाई आहे असं नाही. पण ती सुटत नाही. लहानपणी एकच भाकरी तासभर चावत बसायची, तशीच आहे अजून.

गेल्या वर्षी सरांची बदली आली, तिकडे पार विदर्भाकडे. सरांनी पोरींना सांगितलं आणि परेड घेतली, नेहमीसारखी. पण मला पायरीवर येऊन म्हणाले, "अक्का, माझ्यामागे मुलींचा वर्ग चालवायला कुणीतरी हवं. पथकाच्या नियमाने शिकवणाऱ्याचा बेल्ट किमान ब्राऊन लागतो. नाहीतर हा वर्ग बंद, पोरींनी भुसावळच्या मैदानावर मुलांबरोबर जायचं." मी आतल्या पोरींकडे बघितलं. त्यातल्या किती जणींना घरचे भुसावळच्या मैदानावर पाठवतील, ते मला एका नजरेत मोजता आलं. दोन. फार तर तीन.

नात तिथेच उभी होती. "सर, मी देते ब्राऊन," म्हणाली.

तपकिरी पट्ट्याची परीक्षा धुळ्याला होते, आजूबाजूच्या सगळ्या पथकांची मिळून. सर जायच्या आधी एकच परीक्षा होती. त्या दोन महिन्यांत ती पोर काय राबली म्हणून सांगू! सकाळी गच्चीवर, संध्याकाळी हॉलवर, जेवताना ताटासमोर हात हलायचे. सुनेने एकदा वैतागून ताटच उचललं. पावलांची कातडी सोलून निघाली, मी हळद-तेल लावायचे आणि ती झोपेत पाय ओढून घ्यायची.

उन्हाळा ऐन भरात होता. पहाटेची एसटी धरली. मी, नात, आणि बघायला म्हणून आलेल्या दोन लहान हिरव्या पट्टेवाल्या. सर दुपारी कामावरून सुटून मागून येणार होते. मी दशम्या आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता. एरंडोलपर्यंत पोरी गाणी म्हणत होत्या, पारोळ्यानंतर खिडकीतून झळा यायला लागल्या आणि दोघी माझ्या दोन खांद्यांवर झोपल्या. नात मात्र ताठ बसलेली. तिचा निळा पट्टा तिने मांडीवर गुंडाळून धरला होता.

धुळ्याचा हॉल मोठा, पत्र्याचा, वरून आग ओतणारा. तिकडच्या पोरापोरींचे ड्रेस असे पांढरेफटक की मला आमच्या नळाच्या पाण्याची लाज वाटली. तिथली रीत अशी, की परीक्षेला उभं राहिल्यावर आधी परीक्षकांसमोर आपले बेल्ट ओळीने सांगायचे, कुठल्या बेल्टला कुठला काता शिकला ते सांगायचं आणि मग करून दाखवायचं. नातीचं नाव पुकारलं. ती पुढे गेली, वाकून नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, पांढरा, पिवळा, हिरवा...

मधल्या परीक्षक बाईंनी हात वर केला. "थांब. ऑरेंज?"

"आमच्याकडे ऑरेंज नसतो, मॅडम."

"नसतो म्हणजे?"

"यलोनंतर ग्रीन."

"का?"

 जे खरं होतं ते नातीने सांगून टाकलं. "नारंगीवर हिरवा चढत नाही."

आधी एकच पोरगा हसला. मग सगळा हॉल. परीक्षकांतले एक सरही हसले, मग हसू दाबून म्हणाले, "अगं, बेल्ट काय रंगपंचमी आहे का?" पुन्हा हशा. माझ्या शेजारच्या दोघी लहान पोरींनी माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिले. नातीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण मान खाली गेली नव्हती.

त्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. नातीला जवळ बोलावून त्यांनी समजावलं. म्हणाल्या, बेटा, काता तू शिकली असशील, पण ऑरेंज बेल्ट तुला कुणी दिला नाही. मधला बेल्टच नाही तर वरचे आम्ही कसे धरायचे? तुझे ग्रीन आणि ब्लूही मोजता येणार नाहीत. आज ब्राऊनला बसता येणार नाही.

"मग मी काय करू?"

"ऑरेंजला बस आजच. त्या तिकडे ओळ आहे. बाकीचे दोन दिवाळीनंतर एकदम घेऊ. ब्राऊन पुढच्या उन्हाळ्यात."

ओळ कुठली, तर भिंतीशी पोरंसोरं उभी होती, आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांची. नाक पुसणारी, एकमेकांना चिमटे काढणारी.

नात माझ्याकडे आली. घामाने ड्रेस अंगाला चिकटलेला. म्हणाली, "आजी, काय करू?" माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं की परतीची बस साडेपाचला आहे आणि सावली कुठंच नाही. मी म्हटलं, "माय, मला काही कळत नाही. मी थकले. तू म्हणशील तर घरी जाऊ." ती थोडा वेळ माझ्याशेजारी बसली, बाटलीतलं उरलेलं कोमट पाणी प्यायली. मग उठून, कमरेचा निळा पट्टा सोडून माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या लहान पोरांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. एवढी उंच पोर, त्या पोरांचं डोकं तिच्या कमरेला. शेजारचा बारका वर बघून विचारतो, "ताई, तू नापास झालीस का?" ती म्हणाली, "नाही रे, मी उशिरा आले."

नारंगीचा काता तिने केला. कसा केला ते मला विचारू नकोस, मला त्यातलं कळत नाही, पण त्या भिंतीशी एकही पोर चिमटा काढत नव्हतं एवढं मी पाहिलं. मॅडमनी दुकानातला कोरा नारंगी पट्टा तिच्या कमरेला बांधला. कडक, चकाकणारा, गाठ बसेना. सर पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. त्यांनी नातीच्या कमरेकडे पाहिलं, काय झालं ते मॅडमकडून ऐकलं, आणि आमच्याजवळ येऊन जमिनीवर बसले. आम्ही त्यांना दशमी दिली. त्यांनी तुकडा मोडला आणि हातात तसाच धरून ठेवला. "माझ्या हौसेपायी झालं हे," एवढंच म्हणाले. नात म्हणाली, "सर, ठेचा घ्या ना."

परतीच्या बसमध्ये त्या दोन लहानींपैकी एकीने हळूच विचारलं, "अक्का, म्हणजे माझा हिरवा पण खोटा?" मी म्हटलं, "झोप."

आता पुढची गंमत. पथकात रांग पट्ट्याप्रमाणे लागते. सगळ्यांत वरचा पट्टा उजव्या टोकाला, तीच पोर रांगेला हुकूम देते. इतकी वर्षं ती जागा माझ्या नातीची. दुसऱ्या दिवशी ती नारंगी बांधून आली आणि डाव्या बाजूला, पिवळ्यांच्या जवळ जाऊन उभी राहिली. सर म्हणाले, "तू इकडे ये." ती म्हणाली, "नियम आहे सर." मग उजव्या टोकाला कोण, तर अकरा वर्षांची एक हिरवीवाली. तिला हुकूम द्यायचा होता. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. प्रत्येक शब्दाआधी मान वळवून डाव्या टोकाकडे बघायची. नात ओठ हलवून तिला शब्द पुरवायची. सरांनी दोनदा सांगितलं, तिकडे बघू नकोस. तिसऱ्यांदा सर स्वतःच खिडकीबाहेर बघायला लागले.

आणि आया! त्यांना कळल्यावर जे काही झालं! शेजारच्या एकीने तर सकाळीच माझं दार वाजवलं. हातात हिरवा पट्टा.

"अक्का, हा घ्या तुमचा पट्टा. दोन वर्षं पोर घासली ह्याच्यासाठी, आता म्हणे मोजायचाच नाही!"

"बस तरी."

"बसायला वेळ कुठंय? पोळ्या राहिल्यात." असं म्हणून बसलीच. चहा घेतला. "मग आता पुढं काय?"

"धुळ्याला जाऊन नारंगी द्यायची. मग हिरवा मोजतील."

"परत धुळं? आणि नेणार कोण?"

"मी."

"तुम्ही? जिना चढता तेव्हा तुमची धाप मला भिंतीपलीकडून ऐकू येते, अक्का!"

मला हसू आलं. खोटं नव्हतं ते. जाताना ती पट्टा विसरली, का मुद्दाम ठेवून गेली, कुणास ठाऊक. संध्याकाळी तिची लेक आली आणि मुकाट्याने घेऊन गेली.

सर गेले. निरोपाला पोरींनी हार आणला, सरांनी तो मला दिला, मी तो हॉलच्या दाराला लावला. आठवड्याभरात जळगावहून पथकाचे साहेब आले. सभ्य माणूस, पाणी मागून प्यायला. म्हणाले, "आजी, शिकवणारं कुणी नाही तर वर्ग कसा ठेवायचा? हॉल मागणारे दुसरेही आहेत."

मी विचारलं, "शिकवणं नाही, नुसता सराव केला तर?"

"सराव करू शकतात. पण जबाबदार मोठं माणूस हजर पाहिजे. रोज. हॉल बंद दिसायला लागला तर मग माझा इलाज नाही."

"मी आहे ना."

"रोज?"

"रोज."

तो एक शब्द तोंडातून गेला आणि गुडघ्यांनी मला तिथल्या तिथे शिव्या दिल्या.

तेव्हापासून चावी माझ्याकडे. ताप असला तरी जाते, पाहुणे असले तरी जाते. लग्नाच्या पंक्तीतून उठून गेले, तुझ्या पुतण्याच्याच लग्नात, तू नावं ठेवलीस ती याच्यासाठीच. नात डाव्या टोकाला उभी राहून आपला सराव करते, जरा मोठ्याने मोजत, जरा सावकाश. बाकीच्या तिच्याकडे बघून करतात. एकदा साहेब न सांगता आले. दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "आजी, हे शिकवणं चाललंय की सराव?" मी म्हटलं, "सराव साहेब. शिकवणारी पुढं उभी असते, ही बघा कशी रांगेत टोकाला आहे." ते मिशीत हसले आणि निघून गेले.

मधे एका रविवारी, हॉलला सुट्टी असते तेव्हा, मी पोरींना घेऊन धुळ्याला जाऊन आले. नारंगीसाठी. जितक्या हव्या होत्या तितक्या आल्या नाहीत. काही आयांनी नको म्हटलं, काही पोरी स्वतःच कंटाळल्या. त्या दार वाजवणारीची लेक आली. नारंगी घेतला, आणि बसमध्ये त्याच आईला फोन करून सांगत होती, "अगं, सोप्पा होता!" दिवाळीनंतर नातीचे हिरवा आणि निळा दोन्ही एका दिवसात झाले, तेही रविवारीच. घरी येऊन ती न जेवता झोपली. मी तिच्या पायांना तेल लावायला बसले आणि मलाच तिथे डोळा लागला. सुनेने दोघींवर पांघरूण घातलं.

आता तपकिरी उरला. ह्या उन्हाळ्यात परीक्षा आहे. त्याच्या आधी तिची बारावी. पोर दमली आहे गं. मागच्या आठवड्यात सराव संपल्यावर बाकीच्या गेल्या, ही माझ्याजवळ पायरीवर बसली. भिंतीला डोकं टेकवलं. म्हणाली, "आजी, सोडून देऊ का?"

मी खरंच विचार केला. सोडलं तर मीही सुटेन, हे माझ्या मनात आलं नाही असं कसं म्हणू? आलं. मी म्हटलं, "आज नको. आज मी एवढी चावी घेऊन चढून आले आहे." ती हसली. मग दोघींनी मिळून हॉल झाडला, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी विचारलंच नाही तिने. मीही काढलं नाही. रोजचा एक दिवस ढकलायचा, एवढंच आम्हा दोघींना जमतं सध्या.

तिला तपकिरी मिळाला तर वर्ग तिच्या नावावर होईल, साहेबांनी तसं सांगितलंय. मग मी पायरीवरून उठेन, ते कायमची. नाही मिळाला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा मी आणि माझी चावी. इतकं ते सोपं आहे. म्हणून जाते, कळलं का?

आणि आता तुझ्याकडे माझं एक काम आहे, म्हणून हे सगळं सांगितलं. परीक्षेच्या वेळी मला नातीबरोबर धुळ्याला जावंच लागणार. ह्या वेळी परीक्षा रविवारची नाही, आणि दोन दिवस तरी मोडतील. मुलाची पाळी, सुनेची अंगणवाडी, आणि शेजारणीवर मी चावी टाकू शकत नाही, ती पोळ्यांत अडकते. हॉल बंद राहता कामा नये. तिथं काही करायचं नसतं. दार उघडायचं, बसायचं, कुणी पडलं तर उचलायचं, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, सराव चाललाय. एवढं तुला जमेल. तोंड तर तुझं चालूच असतं.

सुरतेहून गाडी थेट भुसावळला येते. मेहुण्यांना सांग, कुकर आठवडाभर त्यांनी लावावा. परीक्षेच्या अगदी आदल्या दिवशी नको येऊस, चार दिवस आधी ये, म्हणजे पोरींची तोंडओळख होईल आणि आपल्यालाही दोन घास एका ताटात खाता येतील. मला आता एकटीने ती पायरी चढवत नाही वं. ये लवकर.